तिसरा ड्राफ्ट राहूनच जातो

माझ्या फोनमध्ये सध्या ४ नाटकांचे ४ व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. एक २५ मिनिटांचं एकपात्री, एक शाळेतल्या मुलांनी करायचं नाटक, एका कादंबरीचं रूपांतर आणि एक दोन पात्रांचं दीर्घ नाटक, जे मनातून मी 'माझं' म्हणतो. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मी एका ग्रुपवर दुरुस्त केलेला प्रवेश टाकला. दहा मिनिटांनी दिग्दर्शिकेचा निरोप आला, "प्रवेश छान झालाय. पण आपल्या नाटकात वकील कुठून आला?"

वकील रूपांतरातला होता. चुकीचा प्रवेश चुकीच्या ग्रुपवर गेला होता. एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा कळलं की वकील फाइलीतूनच नव्हे, बोलण्यातूनही इकडे शिरला आहे. दोन पात्रांच्या नाटकातली म्हातारी. एक वाक्य धड पुरं न करणारी, अर्ध्यातून तिसरीकडेच जाणारी, अशी मी तिला पहिल्या पानापासून धरली होती. ती चाळिसाव्या पानावर 'पहिली गोष्ट', 'दुसरी गोष्ट' करत मुद्देसूद बोलायला लागली होती.

हे ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी निम्म्यांनी कौतुक केलं. "एका वेळी चार नाटकं? जोरात आहे तुमचं!" उरलेल्यांनी उपाय सांगितले. पहाटे उठून लिहावं, प्रत्येक नाटकाला वार ठरवून द्यावा, प्रत्येकाची वेगळ्या रंगाची वही करावी. वह्या मी केल्या. (उपयोग होतो. चारही रंगांच्या वह्या अर्ध्या भरून थांबतात, एवढंच.) कौतुक करणारे आणि उपाय सांगणारे दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात, की ही लेखकाची खासगी बाब आहे. झेपतं त्यानं करावं, न झेपेल त्यानं शिस्त लावून घ्यावी.

मला हे पटत नाही. स्वतंत्रपणे लिहिणारा नाटककार एकदम तीन-चार लहान नाटकं ओढतो, त्यामागे लहान रंगभूमीची नाटक मागण्याची आणि नाटकाचे पैसे देण्याची एक ठरलेली रीत आहे. त्या रीतीचा भुर्दंड लेखकाला बसतोच, पण त्याहून जास्त बसतो नाटकाला. या ओढाताणीत पहिला ड्राफ्ट कधीच बुडत नाही. दुसराही रडतखडत होतो. बुडतो तो तिसरा, आणि तो बुडाला हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तोवर प्रयोग होऊन गेलेले असतात.

आधी एक कबुली. अनेक नाटकांवर एकदम काम करणं यात नवीन काही नाही, आणि पूर्वी सगळं छान होतं असंही नाही. टॉमस हेवूड हा शेक्सपिअरच्या पिढीचा नट आणि नाटककार. १६३३ साली छापलेल्या एका नाटकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की २२० नाटकांत आपला पूर्ण हात, निदान मुख्य बोट तरी आहे. 'मुख्य बोट' हे फार खरं आहे. माझ्या चारांतल्या दोन नाटकांत माझं तेवढंच आहे. त्याच काळातला लंडनचा नाट्यगृहमालक फिलिप हेन्स्लो. त्याची हिशेबाची वही आज आपल्याला वाचायला मिळते. तिच्यात एकेका नाटकावर तीन-तीन, चार-चार लेखक दिसतात. थोडे पैसे आगाऊ, काही पानं हाती आल्यावर आणखी थोडे, नाटक पुरं झाल्यावर उरलेले. टॉमस डेकर हा नाटककार १५९८ मध्ये तुरुंगात होता, त्याला सोडवण्यासाठी दिलेल्या पैशांची नोंदही त्याच वहीत आहे. म्हणजे तेव्हाचा चार नाटकं ओढणारा लेखकही काही सुखात नव्हता.

पण त्या वहीत आणखी एक प्रकारची नोंद आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. 'डॉक्टर फॉस्टस'चा लेखक मार्लो १५९३ मध्ये गेला. नाटक चालूच होतं. १६०२ मध्ये हेन्स्लोनं दोन लेखकांना त्या नाटकात भर घालण्यासाठी पैसे दिले. बेन जॉन्सनलाही दुसऱ्या एका जुन्या, गाजलेल्या नाटकात भर घालण्यासाठी दिले. हेन्स्लो काही कलेचा आश्रयदाता नव्हता, पक्का व्यापारी होता. चालू नाटकाची डागडुजी हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळे पैसे पडतात, हे त्या व्यापाऱ्याला समजत होतं. आज लहान नाटकाच्या अंदाजपत्रकात हा रकाना मला अजून एकदाही दिसलेला नाही.

तिसरा ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय, हे जरा सविस्तर सांगायला हवं. नाटकाबाहेरच्या माणसाला वाटतं, की पुनर्लेखन म्हणजे घासूनपुसून लख्ख करणं.

पहिला ड्राफ्ट कसाही लिहून होतो. गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, रात्री दोनला. त्याच्यात ऊब असते. आपल्याला काय लिहायचंय हे पुरतं माहीत नसतं, म्हणून लिहिणं पुढे सरकतं. दुसरा ड्राफ्ट वाचनानंतरचा. आठ-दहा माणसं गोल बसून वाचतात, आणि डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते कानांना ऐकू येतं. तालमीत त्याच्यावर आणखी काम होतं. माझ्या एका नाटकात एक नट एकच वाक्य रोज गिळायचा. दोन आठवडे मी त्याच्या पाठांतराला नावं ठेवली. मग एका तालमीत तो अगदी सहज म्हणाला, "याला हे आधीपासून माहीतच आहे ना? मग हा विचारतो कशाला?" वाक्य माझं चुकलं होतं. त्याची जीभ माझ्याआधी शहाणी झाली होती.

इथवर काम तुकड्यातुकड्यांत जमतं. आज तासभर इकडे, उद्या दोन तास तिकडे. संवाद तासाभरात सुधारता येतो. एखादी एंट्री मागेपुढे करता येते. कौटुंबिक नाटकातला प्रवेश संपवून पाणी पिऊन मुलांच्या नाटकातलं गाणं लिहायला बसता येतं.

तिसरा ड्राफ्ट प्रेक्षकांनंतरचा. चार प्रयोग विंगेत किंवा शेवटच्या रांगेत उभं राहून पाहिल्यावर जे कळतं ते आधी कळूच शकत नाही. कुठे खोकला सुरू होतो ते कळतं. (प्रेक्षक एकदम खोकायला लागले की खोकला त्यांना झालेला नसतो, नाटकाला झालेला असतो.) दोन प्रवेशांमधल्या अंधारात नेपथ्य बदलायला लागणारे २० सेकंद आधीच्या वाक्याची धग घालवतात, हे कळतं. आणि कधीकधी याहून वाईट काही कळतं. वाक्य गिळणाऱ्या नटाच्या माझ्या त्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक गुपित फुटतं. चौथ्या प्रयोगाला मी स्टेजकडे पाहायचं सोडून प्रेक्षकांकडे पाहत बसलो. गुपित त्यांना पहिल्या अंकातच कळलेलं होतं. पुढची ४० मिनिटं ते सभ्यपणे वाट पाहत होते, पात्रांना केव्हा कळतंय याची.

यावर उपाय वाक्य बदलण्याचा नव्हता. गुपित पहिल्याच अंकात फोडायचं आणि नाटक त्यापुढे न्यायचं, किंवा पहिल्या अंकाची रचनाच मोडायची. दोन्हींसाठी सगळं नाटक एकदम डोक्यात धरावं लागतं. एका पात्राचं एक वाक्य काढलं की तीस पानांपुढे काय कोसळतं, हे दिसत राहावं लागतं. तुकड्यांच्या वेळात हे होत नाही. दोन-तीन आठवडे दुसरं काही डोक्यात नसावं लागतं. चार नाटकं ओढणाऱ्याकडे एकूण वेळ कदाचित भरपूर असेल, पण अखंड वेळ अजिबात नसतो. लहान रंगभूमीवरची कितीतरी नाटकं प्रवेशाप्रवेशाला चमकतात आणि एकूण म्हणून मात्र उभी राहत नाहीत. त्यांच्या लेखकांमध्ये प्रतिभा कमी होती असं मला वाटत नाही. ती नाटकं ज्या तऱ्हेच्या वेळात लिहिली गेली, त्या वेळाचाच आकार त्यांना आला आहे.

माझ्या त्या नाटकाचे एकूण ६ प्रयोग झाले. सहाव्यानंतर एका नटाला मालिका मिळाली, दुसरी मुलगी परगावी गेली, नेपथ्य कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गेलं. चूक कुठे आहे हे मला नेमकं कळलं त्याच आठवड्यात ते नाटक संपलं. आणि त्याच आठवड्यात नवीन फोन आला, "काही नवीन आहे का?"

'नवीन' या शब्दाची आपल्या क्षेत्रात काय दहशत आहे ते पाहा. स्पर्धेचे नियम उघडा, महोत्सवाचं आवाहन वाचा, अनुदानाचा अर्ज भरा. बहुतेक ठिकाणी एक अट भेटतेच, संहिता यापूर्वी सादर झालेली नसावी. या अटीमागे कारणं आहेत आणि ती वाईट नाहीत. नव्या लेखकाला दार उघडावं, त्याच त्या नाटकांवर बक्षिसं मिळवत फिरणाऱ्यांना आळा बसावा, पैसे देणाऱ्यालाही 'हे आमच्यामुळे घडलं' म्हणता यावं. पण या सगळ्या चांगल्या हेतूंची बेरीज अशी होते, की सहा प्रयोग झालेलं, निम्मं-अधिक सिद्ध झालेलं, कुठे दुखतंय हे ठाऊक असलेलं नाटक बाजारातून बाद होतं. त्याच लेखकानं तीन आठवड्यांत खरडलेलं कच्चं नाटक मात्र पात्र ठरतं. लेखक मूर्ख नसतो. तो कच्चं लिहितो. मग आणखी एक कच्चं लिहितो.

अशा अटीखाली कुठली नाटकं मेली असती, त्याची यादी मोठी होईल. दोन-तीनच सांगतो. रशियन नाटककार चेकॉव्हचं 'द सीगल' १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला सपशेल आपटलं. तेच नाटक १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरनं केलं आणि तिथून ते जगभर गेलं. पहिला प्रयोग होऊन गेलेली संहिता चालणार नाही, असं त्या मंडळींनी म्हटलं असतं तर? पुनर्लेखनाचं उदाहरण त्याच माणसाचं आहे, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. १८८९ मध्ये त्याचं 'द वुड डेमन' रंगमंचावर आलं आणि पडलं. काही वर्षांनी त्याच सामग्रीतून 'अंकल वान्या' झालं, ते १८९७ मध्ये छापलं गेलं. जुन्या नाटकात मामा तिसऱ्या अंकात स्वतःला गोळी घालून घेतो. नव्या नाटकात तो प्रोफेसरवर गोळी झाडतो आणि नेम चुकतो. चौथा अंक मग त्या चुकलेल्या नेमानंतरचा आहे, सगळ्यांना तसंच जगत राहावं लागतं त्याचा. हा बदल घासूनपुसून येत नाही. तो येतो तेव्हा नाटकाचा अर्थच बदललेला असतो.

जर्मन नाटककार ब्रेख्तचा 'गॅलिलिओ' हे आणखी एक उदाहरण. पहिलं रूप १९३८-३९ चं, दुसरं चार्ल्स लॉटन या नटाबरोबर बसून केलेलं अमेरिकेतलं, १९४७ चं. दोन्हींच्या मध्ये हिरोशिमा झालं होतं, आणि सत्तेपुढे झुकणाऱ्या शास्त्रज्ञाकडे पाहण्याची लेखकाची नजर कठोर झाली होती. तिसऱ्या रूपाच्या बर्लिनमधल्या तालमी चालू असताना, १९५६ मध्ये, ब्रेख्त गेला. आता आपण करतो ते नाटक कुठल्या अर्थानं 'नवीन' होतं, आणि कुठल्या साली?

उलट बाजूची हळहळही फार जुनी आहे. इ.स.पू. ४२३ मध्ये ॲरिस्टोफेनीसचं 'ढग' अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत तीनांत तिसरं आलं. त्यानं नंतर ते पुन्हा लिहायला घेतलं, आणि त्या लेखनात प्रेक्षकांना भर कोरसमधून, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या चमूच्या तोंडून, बोल लावले, की माझ्या सगळ्यांत हुशार नाटकाला तुम्ही ओळखलं नाहीत. आज आपण वाचतो ती हीच सुधारलेली संहिता. अभ्यासकांच्या मते तिचा प्रयोग झालाच नाही. स्पर्धेत हरलेल्या नाटकाच्या पुढच्या ड्राफ्टला स्टेज न मिळणं ही तक्रार अडीच हजार वर्षं जुनी आहे, असं कुणी म्हणालं तर मी हसेन. पण बरं वाटणार नाही.

आता माझ्याविरुद्धचं म्हणणं. त्यातलं पहिलं मला अर्धं मान्य आहे. अनेक कामं एकमेकांना खाऊ घालतात. मुलांच्या नाटकानं मला वाक्य लहान करायला शिकवलं. एकपात्रीनं शिकवलं, की शांतता हाही संवाद असतो. एकच नाटक तीन वर्षं उशाशी घेऊन झोपणाऱ्यांची नाटकं अनेकदा शिळी होतात, हेही मी पाहिलं आहे. अमेरिकी नाटककार टेनेसी विल्यम्सचं 'बॅटल ऑफ एंजल्स' १९४० मध्ये बॉस्टनलाच बंद पडलं. तेच नाटक 'ऑर्फियस डिसेंडिंग' होऊन न्यूयॉर्कला आलं १९५७ मध्ये. मधल्या १७ वर्षांत त्यानं ज्या नाटकांनी नाव झालं ती लिहिली, आणि हेही सोडलं नाही. (१९५७ मध्येही ते फारसं चाललं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुनर्लेखन म्हणजे यशाची हमी असं माझं म्हणणं नाही.) म्हणजे अनेक नाटकं हातात असणं हा प्रश्न नाही. हातातल्या जुन्या नाटकाकडे परत जायला वाट असते की नाही, हा प्रश्न आहे.

दुसरं म्हणणं, "मग कमी कामं घ्या ना. कुणी जबरदस्ती केलीय?" याला उत्तर गणिताचं आहे. ८० खुर्च्यांचं सभागृह आणि ६ प्रयोग. सगळे भरले असं धरू, जे होत नाही. ४८० तिकिटं. त्यात पासवर आलेले मोजू नका. लेखकाला गल्ल्याचे १० टक्के मिळाले, तर ४८ तिकिटांचे पैसे. कल्पना सुचण्यापासून सहाव्या प्रयोगापर्यंतचं वर्ष त्यात काढायचं. तिकीट कितीही लावा, ४८ तिकिटांत कुणाचं वर्ष निघत नाही. माणूस मग दुसरं नाटक घेतो, तिसरं घेतो आणि शिवाय नोकरी करतो. हे ज्यांना परवडतं तेच लिहीत राहतात. बाकीचे गळतात, आणि कोण गळलं हे आपल्याला कधी कळतही नाही.

टक्केवारीची ही पद्धत मोठ्या लढ्यानं मिळवलेली आहे, म्हणून तिच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. १७७७ मध्ये फ्रेंच नाटककार बोमार्शेनं पॅरिसच्या नाटककारांना एकत्र केलं, कारण कोमेदी-फ्रान्सेज या तिथल्या मोठ्या नाट्यसंस्थेची नटमंडळी लेखकांना गल्ल्याचा नीट हिशेब देत नव्हती. १७९१ च्या कायद्यानं हयात लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याचं नाटक करता येणार नाही असं ठरलं. संहितेवर लेखकाचा हक्क आणि गल्ल्यात लेखकाचा वाटा, ही दोन्ही हत्यारं मोठ्या नाट्यगृहासाठी घडवलेली आहेत. नाटक शंभर रात्री चालेल, तर वाट्याला अर्थ. सहा प्रयोगांच्या रंगभूमीवर ते हत्यार म्यानातच राहतं.

हक्काचीही एक गंमत आहे. अमेरिकेत पडद्यासाठी लिहिणाऱ्या लेखकाच्या पटकथेची मालकी सहसा कंपनीकडे जाते. तो नोकर ठरतो, म्हणून त्याला कामगार संघटना करता येते. २०२३ मध्ये त्या लेखकांनी १४८ दिवस संप केला. नाटककार मात्र आपल्या नाटकाचा मालक असतो. मालकाला कसली संघटना आणि कसला किमान दर? तिथल्या नाटककारांचं ड्रामॅटिस्ट्स गिल्ड जुनं आहे, पण या मालकीपायी कायद्याच्या अर्थानं ते कामगार संघटना नाही. थोडक्यात, माझ्याकडे एका घराची मालकी आहे. छप्पर गळतंय, आणि मालक असल्यामुळे दुरुस्ती मागायला मी कुणाकडे जाऊ शकत नाही.

तिसरं म्हणणं सगळ्यांत वजनदार आहे. नाटक करणाऱ्या ग्रुपकडेच पैसे नसतात. खरं आहे. मी ज्यांच्याबरोबर काम करतो त्यांपैकी कुणी माझे पैसे खाल्ले असं मी म्हणणार नाही. ते स्वतःच्या खिशातून घालतात. पण त्या रिकाम्या खिशातून बाहेर पडण्याचा क्रम पाहा. सभागृहाचं भाडं आगाऊ, कारण त्याशिवाय तारीख मिळत नाही. लाइटवाल्याचे पैसे त्याच दिवशी, कारण त्याशिवाय लाइट उतरत नाहीत. लेखकाचे 'नंतर बघू', कारण संहिता आधीच त्यांच्या हातात असते. जो अडवू शकत नाही तो शेवटी. यात कुणाची लबाडी नाही, रांगच तशी लागते. म्हणून ही रांग ग्रुपला बदलता येणार नाही. बदलू शकतात ते बाहेरून पैसा आणि जागा देणारे: अनुदान देणाऱ्या संस्था, महोत्सव, स्पर्धा आणि सार्वजनिक पैशांवर चालणारी सभागृहं. त्यांनी अटी बदलल्या की रांग बदलते.

कुठल्या अटी? एक अगदी साधी. चार निवडीत एक जागा अशा नाटकाला, ज्याचे थोडे प्रयोग झाले आहेत आणि लेखकानं ते पुन्हा लिहिलं आहे. अर्जाबरोबर दोन्ही संहिता जोडाव्यात, काय बदललं आणि का, हे दोन पानांत सांगावं. निवड करणाऱ्यांचं कामही त्यानं सोपं होईल. कोऱ्या कल्पनेवर पैज लावण्यापेक्षा चाललेल्या, अडखळलेल्या नाटकाची पारख कमी जुगाराची असते. नव्या लेखकांच्या जागा यानं जातील, अशी भीती कुणी घालेल. मला उलट वाटतं. नवा लेखक पहिल्या नाटकानंतर टिकत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच, की पहिल्या नाटकातून शिकलेलं वापरायला त्याला तेच नाटक परत मिळत नाही.

दुसरी अट पैशांची. तालमीला लेखक हजर राहिला, तर त्या दिवसाचं मानधन वेगळं, संहितेच्या मानधनात गुंडाळलेलं नको. आज मी तालमीला जातो ती मेहेरबानी समजली जाते, कधी माझी, कधी त्यांची. मेहेरबानीवर माणूस दोनदा जातो. दिवसाचे पैसे असतील तर दहादा जाईल, आणि वाक्य गिळणारा नट दोन आठवडे आधी ऐकू येईल.

बाहेर या दिशेनं प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल न्यू प्ले नेटवर्कची एक योजना आहे. एकच नवं नाटक किमान तीन नाट्यसंस्थांनी १२ महिन्यांच्या आत, आपापल्या दिग्दर्शकाला आणि नटांना घेऊन करायचं. पहिल्या शहरातल्या प्रयोगांतून लेखकाला जे कळलं ते दुसऱ्या शहराच्या तालमीत वापरता येतं. 'पहिला प्रयोग आमचा' हा मान तिघांत वाटून त्यांनी 'नवीन'ची दहशतच बोथट केली. मला यातली युक्ती आवडते. मानाची हाव घालवायला ते बसले नाहीत, तिचे तीन वाटे केले. दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. २००३ मध्ये १३ नाटककारांनी मिळून '१३ पी' नावाची कंपनी काढली. वाचनं आणि कार्यशाळांच्या फेऱ्यांत नाटकं अडकून पडतात याचा त्यांना वीट आला होता. प्रत्येकाचं एक नाटक करायचं, ज्याचं नाटक त्याच्या हाती त्या वेळची सूत्रं, तेरावं झालं की दुकान बंद. २०१२ मध्ये त्यांनी ठरल्याप्रमाणे बंद केलं. त्यांच्या मार्गाशी माझा थोडा मतभेद आहे. तेरा वेळा पहिला प्रयोग झाला, तरी दुसऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. पण आपली पाळी येईपर्यंत बाकीच्या बारांसाठी राबायचं ठरवणं, हे लेखकांनी एकमेकांसाठी केलेलं मी ऐकलेलं सगळ्यांत व्यवहारी काम आहे.

आणि आम्ही लेखक? आमचा गुन्हा लहान नाही. आम्ही 'हो' म्हणतो. फोन आला की आधी 'हो', मग वहीचा रंग. नाही म्हटलं तर पुढचा फोन येणार नाही, ही भीती खरी आहे. पण एक हौसही असते, चार ग्रुपांत आपलं नाव झळकत असल्याची, आणि ती आम्ही भीतीच्या पदराआड लपवतो. करारात (करार असलाच तर) पहिल्या सहा प्रयोगांनंतर पुनर्लेखनासाठी इतके दिवस, असा शब्द मी स्वतः आजवर एकदाही मागितलेला नाही. मागितला असता तर मिळाला नसता, हे खरं. पण मागितला नाही, हे त्याआधी खरं आहे.

गेल्या काही महिन्यांत मी एक प्रश्न विचारायला लागलोय. होकार देण्याआधी विचारतो, "सातवा प्रयोग कुठे करणार?" एक दिग्दर्शक मोकळेपणानं हसला, "अहो, पहिला तर होऊ द्या!" त्याचं नाटक मी घेतलं, कारण घ्यावं लागलं. दुसऱ्यानं विषय बदलला. मुलांचं नाटक करणाऱ्या बाईंनी मात्र दोन दिवसांनी फोन केला. म्हणाल्या, पहिल्या शाळेत तीन प्रयोग करू, मग तीन आठवडे थांबू, तुम्ही काय ते बदला, आणि मग दुसऱ्या शाळेत दुसऱ्या मुलांना घेऊन करू. मुलं बदलली की अर्धी वाक्यं तशीही बदलतात, हे त्यांनीच वर सांगितलं.

सध्या ती वही सगळ्यांत पुढे आहे. दोन पात्रांचं नाटक मागे पडलंय. म्हातारी अजून मुद्देसूद बोलतेय.